पुढे काय? कर्णबधिर विद्यार्थी आणि उच्च शिक्षण



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं कर्णबधिर मुलांच्या शाळेत घालवली. दहावीचा निकाल हाती आला की मुलाच्या आईवडिलांना त्या एकच विचारत, "पुढे काय?" त्या काळी उत्तर ठरलेलं असे. मुलगा असेल तर आयटीआय, छापखाना, फोटो स्टुडिओ किंवा कारखान्यातलं हातकाम. मुलगी असेल तर शिवणक्लास आणि लग्न. यातल्या कुठल्याही कामाला कमी लेखायचं कारण नाही. पण ज्या मुलाला गणिताची गोडी आहे किंवा ज्या मुलीला इतिहास वाचावासा वाटतो, त्यांच्यापुढे दुसरी वाटच नसावी हे बाईंना बोचत राहिलं. आज मी त्यांचाच प्रश्न थोडा पुढे नेतो. बारावीनंतर काय? पदवीनंतर काय? एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी.च्या वर्गात आपली कर्णबधिर मुलं कुठे आहेत?

मी अर्थशास्त्राचा शिक्षक आहे. भाषाशास्त्र किंवा वाचाउपचार हे माझे विषय नाहीत. माझ्या वर्गात कर्णबधिर विद्यार्थी येऊन बसले आणि शिकवणं म्हणजे नेमकं काय, याचा मला मुळापासून विचार करावा लागला. त्या विचाराचं सार आधीच सांगून टाकतो. कर्णबधिर विद्यार्थ्याला कॉलेजात जागा देणं ही सुरुवात आहे. त्याचा समावेश झाला असं तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा विषय त्याला त्याच्या भाषेत, थेट, आणि इतरांना मिळतो त्याच वेळी मिळेल. त्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा ही ज्ञानभाषा म्हणून वाढली पाहिजे, आणि ती वाढवण्याची जबाबदारी विद्यापीठांची आहे.

कॉलेजच्या दारापर्यंतची वाट

२०११च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद झाली. त्यांत वयोमानाने ऐकू कमी येणारे आजी-आजोबाही आले. आज मी बोलतो आहे ते जन्मापासून किंवा भाषा येण्याआधीच ऐकू येत नसलेल्या मुलांबद्दल. अशा दहांपैकी नऊ किंवा त्याहूनही जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या घरी जन्माला येतात. घरात कुणालाच सांकेतिक भाषा येत नसते. बाळ आवाजाकडे वळून बघत नाही हे आजीच्या लक्षात येतं. "काही मुलं उशिरा बोलतात" म्हणत वर्ष-दीड वर्ष जातं. मग तपासणी, मग श्रवणयंत्र, मग दर आठवड्याला एसटीने शहर गाठून वाचाउपचार. काही मुलांना वेळेवर कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं आणि त्यांतल्या अनेकांना त्याचा चांगला उपयोगही होतो. पण पुष्कळ मुलं पाच-सहा वर्षांची होईपर्यंत एकाही भाषेत पुरती रुजलेली नसतात.

भाषा रुजण्याची ती सर्वांत मोलाची वर्षं असतात. सांकेतिक भाषा वापरणाऱ्या घरातलं कर्णबधिर बाळ हातांनी बोबडं बोलतं, पहिल्या खुणा करतं, मग दोन-दोन खुणा जोडतं. ऐकणारं मूल ज्या वयात ज्या पायऱ्या चढतं, साधारण त्याच वयात हे बाळही चढतं. म्हणजे अडचण मेंदूत नाही. अडचण आहे ती आपण त्याच्यासमोर डोळ्यांना दिसेल अशी भाषा ठेवत नाही, ही.

तसं का झालं याला इतिहास आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधींपैकी स्वतः कर्णबधिर असलेला फक्त एक होता. शाळांतून खुणा हद्दपार कराव्यात आणि फक्त तोंडी भाषा शिकवावी, असा ठराव तिथे झाला. मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिरांची शाळा निघाली ती १८८५च्या सुमारास, त्या ठरावाच्या सावलीत. पुढे शंभर वर्षं आपल्या बहुतेक शाळांत मुलांचे हात खाली ठेवून ओठ हलवून घेण्यावरच भर राहिला. खुणांची भाषा जगली ती वसतिगृहांत, मधल्या सुट्टीत, कर्णबधिरांच्या क्लबांत. मिलानचे ते ठराव त्याच मालिकेतल्या परिषदेने फेटाळले, तोवर २०१० साल उजाडलं होतं.

दरम्यान अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी १९६० साली दाखवून दिलं की अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची रचना आहे आणि ती बोलल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेइतकीच पूर्ण भाषा आहे. भारतीय सांकेतिक भाषेवरचं पहिलं पद्धतशीर काम सत्तरच्या दशकाअखेरीस मदन वसिष्ठ आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळुरू या शहरांत केलं. वसिष्ठ मूळचे हिमाचल प्रदेशातले. लहानपणी आजारात त्यांची श्रवणशक्ती गेली. पदवीपासून पीएच.डी.पर्यंतचं शिक्षण घेण्यासाठी त्यांना वॉशिंग्टनच्या गॅलोडेट या कर्णबधिरांसाठीच्या विद्यापीठात जावं लागलं. भारताच्या भाषेवर काम करणाऱ्या भारतीय संशोधकाला त्यासाठी लागणारं शिक्षण भारतात मिळण्याची सोय नव्हती, एवढं आपण लक्षात ठेवू.

या भाषेचं व्याकरण डोळ्यांनी वाचायचं असतं. 'मी तुला दिलं' आणि 'तू मला दिलंस' यांत हाताचा आकार एकच राहतो, बदलते ती दिशा. देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे हात सरकला की कर्ता आणि कर्म दोन्ही कळतात. प्रश्न भुवयांत असतो आणि 'काय', 'कुठे', 'कोण' हे बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. ज्या मुलाच्या डोक्यात हे व्याकरण पक्कं आहे, त्याच्यासाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा आहे आणि ती त्याने कानांवाचून शिकलेली आहे. 'ने', 'ला', 'शी', 'हून' हे प्रत्यय आपण ऐकून ऐकून आत्मसात केले. त्याला ते एकेक करून पाठ करावे लागतात. उत्तरपत्रिकेत विभक्ती चुकली म्हणजे विषय कळला नाही असा निष्कर्ष काढणाऱ्या परीक्षकाने हे आधी समजून घ्यायला हवं.

शालेय शिक्षणात या मुलांसाठी सवलती ठेवल्या आहेत. दहावीला भाषांची संख्या कमी करता येते, गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घेता येतं. हेतू चांगला आहे. पण सवलत घेऊन दहावी पार केलेल्या मुलाला पुढे वाणिज्य किंवा विज्ञान घ्यायचं असेल, तर त्याच्या हाती पाया राहत नाही. शिकवण्याची रीत बदलण्याऐवजी आपण अभ्यासक्रम कापला आणि उच्च शिक्षणाचं दार तिथेच अर्धं लोटलं.

वर्गात नेमकं काय होतं

अनेक प्राध्यापक सद्भावनेने सांगतात, "मी हळू आणि स्पष्ट बोलतो, तो माझे ओठ वाचतो." ओठांवरून किती कळतं ते घरी आरशासमोर उभं राहून बघा. आवाज न काढता 'पाट', 'पाठ', 'भाट', 'माठ' असे चार शब्द म्हणा. आरशात चारही शब्दांना तोंड एकसारखं दिसेल. प, ब, भ, म यांना ओठ सारखेच मिटतात. क, ख, ग, घ हे तर घशाजवळ घडतात, ओठांवर येतच नाहीत. ओठवाचन म्हणजे बराचसा अंदाज. ओळखीच्या विषयावर, घरच्या माणसाशी बोलताना तो अंदाज जमतो. पण संज्ञा नवी आहे, विषय नवा आहे, प्राध्यापक फळ्याकडे वळून बोलताहेत आणि प्रश्न मागच्या बाकावरून येतोय, अशा वेळी अंदाजाला आधारच उरत नाही. एम.ए.चा वर्ग म्हणजे हेच सगळं, रोज चार तास.

समजा कॉलेजने दुभाषी दिला. फार मोठी गोष्ट झाली. आता मी फळ्यावर मागणी-पुरवठ्याची आकृती काढतो आणि म्हणतो, "किंमत इथून इथे गेली की मागणी या रेषेवरून अशी खाली येते." ऐकणारा विद्यार्थी आकृती बघता बघता माझं वाक्य ऐकतो. कर्णबधिर विद्यार्थिनीला दोन्हीसाठी डोळेच वापरायचे आहेत. ती दुभाष्याकडे बघते तेव्हा माझं बोट कुठल्या रेषेवर होतं ते निसटतं. आकृती बघते तेव्हा वाक्य निसटतं. वहीत उतरवायला मान खाली घातली की दोन्ही जातं. दुभाषी माझ्या काही सेकंद मागे असतो, कारण ऐकून, समजून मगच त्याला खुणा करता येतात. मी विचारतो, "काही शंका?" दोन सेकंद थांबतो आणि पुढे जातो. तिच्यापर्यंत माझा प्रश्न पोचतो तेव्हा मी पुढच्या मुद्द्यावर असतो.

यावर उपाय आहेत आणि त्यांतले कित्येक बिनखर्चाचे आहेत. आधी बोट ठेवायचं, बघायला वेळ द्यायचा, मग बोलायचं. दुभाष्याला फळ्याच्या शेजारी उभं करायचं. टिपणं आदल्या दिवशी त्याला आणि विद्यार्थिनीला द्यायची. चर्चेत एका वेळी एकानेच बोलायचं, तेही हात वर करून. बाकं अर्धवर्तुळात मांडायची म्हणजे बोलणारा दिसतो. सलग तासभर एकट्या दुभाष्याला राबवायचं नाही. साधारण वीस मिनिटांनी दोघांनी आलटून पालटून काम करायचं, नाहीतर थकव्याने अचूकपणा ढळतो. हे सगळं मला विद्यार्थ्यांनी शिकवलं. त्याने वर्गाची गती किंचित कमी झाली आणि ऐकणाऱ्या मुलांच्या वह्याही सुधारल्या.

तरीही दुभाषी आला म्हणजे सगळं साधलं असं नाही. अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रविद्यापीठात कर्णबधिरांसाठी एक राष्ट्रीय संस्था आहे. हजारावर कर्णबधिर विद्यार्थी तिथे ऐकणाऱ्यांच्या बरोबरीने शिकतात. तिथल्या संशोधकांना अभ्यासात असं आढळलं की उत्तम दुभाषी असूनही एकाच व्याख्यानातून कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या हाती ऐकणाऱ्यांपेक्षा कमी लागतं. पण कर्णबधिरांना शिकवण्यात मुरलेला शिक्षक समोर असेल तेव्हा दोघांची प्रगती सारखी होते. याचा अर्थ शिक्षकाची भूमिका दुभाष्यावर सोपवून टाकता येत नाही. विद्यार्थी कसा बघतो, कसा शिकतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याचा वर्ग वेगळा होतो.

कायदा काय देतो

कायद्याने आपण फार मागे नाही. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांगांच्या हक्कांचा करार भारताने २००७ साली स्वीकारला. त्याच्या २४व्या कलमात सांकेतिक भाषा शिकण्याची सोय, कर्णबधिर समाजाची भाषिक ओळख जपणं आणि सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमणं हे तिन्ही आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षण संस्थांतलं आरक्षण किमान ५ टक्के केलं आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट दिली. लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.साठी दिव्यांग संशोधकांना दोन वर्षं जादा मिळू शकतात. मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या ओमकार गोंड खटल्यात, वाचा आणि भाषेशी निगडित दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं की दिव्यांगत्वाची टक्केवारी बघून दार बंद करता येणार नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम करू शकेल का, हे तपासावं लागेल.

हे सगळं लढून मिळवलेलं आहे आणि मोलाचं आहे. पण या तरतुदींकडे नीट पाहा. जागा, वयाची सूट, जादा मिनिटं, जादा वर्षं. कर्णबधिर विद्यार्थ्याला जादा वेळेचा उपयोग होतोच. पण जे वर्गात त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, ते परीक्षेच्या जादा वीस मिनिटांत कसं आठवणार? मूल्यांकनासाठी येणाऱ्या नॅकच्या समितीच्या भेटीआधी कॉलेजं रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृह, लेखनिक यांचे फोटो फायलीला लावतात. त्या सोयी हव्यातच. त्या फायलीत दुभाष्याचं नेमणूकपत्रही दिसलं पाहिजे. कर्णबधिर मुलगा जिना चढून वर्गात येतो, बाकावर बसतो, हजेरी लागते. बाहेरून सगळं सुरळीत दिसतं. त्यामुळेच त्याची अडचण सगळ्यांत शेवटी लक्षात येते.

ज्ञानभाषा घडवायची कशी

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. मराठी माणसाला ज्ञानभाषेचा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. महाराष्ट्र झाला त्याच १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झालं, परिभाषा कोश निघू लागले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली विश्वकोशाचं काम उभं राहिलं. त्यामागची धारणा अशी की ज्या भाषेत उच्च ज्ञान मांडलं जात नाही, त्या भाषेच्या माणसाला ज्ञान दुसऱ्याच्या दारी जाऊन मागावं लागतं. मराठीसाठी आपण हे मनापासून मानतो. मग महाराष्ट्रात राहणाऱ्या कर्णबधिर मुलांच्या भाषेसाठीही ते मानायला हवं.

एक प्रसंग सांगतो. 'मागणीची लवचिकता' हा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विषय. किंमत बदलली की मागणी किती प्रमाणात बदलते, हे त्यात मोजायचं. माझ्या एका विद्यार्थिनीला दुभाषी तो शब्द बोटांनी एकेक अक्षर करून दाखवत होती. मग वेळ वाचवायला तिने रबर ताणल्याची खूण केली. विद्यार्थिनीचा गोंधळ उडाला. रबर सोडला की मूळ आकारात येतो, तशी मागणी परत येते का, असं तिने विचारलं. प्रश्न अचूक होता, कारण खुणेने तेच सांगितलं होतं. तास संपल्यावर आम्ही तिघं फळ्यापाशी थांबलो. मी मिठाचं उदाहरण दिलं. मीठ महागलं तरी घरात मीठ तेवढंच लागतं. विद्यार्थिनीने डावा हात किंमत म्हणून वर नेला आणि उजवा, मागणीचा हात, केसभर खाली आणला. मग मी एका ठरावीक कंपनीच्या बिस्किटांचं उदाहरण दिलं. ती महागली की लोक दुसरी घेतात. डावा हात थोडा वर गेला आणि उजवा झपकन खाली आला. मग दोन्ही हातांतल्या अंतराकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हेच मोजायचं ना?" लवचिकतेची इतकी चांगली व्याख्या मला पाठ्यपुस्तकात मिळालेली नाही. तेव्हापासून ऐकणाऱ्या मुलांनाही मी ती कल्पना दोन्ही हातांनीच शिकवतो.

ती खूण आमच्या त्या खोलीत जन्मली आणि तिथेच राहिली. शेजारच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या मुलीसाठी दुसऱ्या दुभाष्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार. ज्ञानभाषा अशी वाढत नाही. खुणा नोंदवाव्या लागतात, विषयाच्या जाणकारांनी तपासाव्या लागतात, कर्णबधिर वापरकर्त्यांनी मान्य कराव्या लागतात आणि सर्वांना मिळतील अशा ठेवाव्या लागतात. एडिंबरा विद्यापीठातल्या एका केंद्राने ब्रिटिश सांकेतिक भाषेसाठी हेच केलं. विज्ञान आणि गणितातल्या संज्ञांचा दृश्य कोश त्यांनी तयार केला. त्या खुणा स्वतः कर्णबधिर असलेल्या शास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी आणि भाषाअभ्यासकांनी एकत्र बसून घडवल्या. वस्तुमान, वजन, घनता या एकमेकींशी नातं असलेल्या संज्ञा. त्यांच्या खुणांमध्येही ते नातं दिसावं, अशी काळजी घेतली.

आपल्याकडेही पाया घातला गेला आहे. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांच्या कोशात २०१८ साली ३ हजार खुणा होत्या, २०२१ मध्ये त्या १० हजार झाल्या. २०२० साली एनसीईआरटीशी करार होऊन पहिली ते बारावीची पाठ्यपुस्तकं सांकेतिक भाषेत आणायचं ठरलं. दुभाष्यांसाठी आणि सांकेतिक भाषा शिकवणाऱ्या कर्णबधिर शिक्षकांसाठी पदविका आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे आणि तिथेही हे प्रशिक्षण चालतं. म्हणजे बारावीपर्यंतची भाषा हळूहळू उभी राहते आहे. त्यापुढची भाषा शाळांना उभी करता येणार नाही. अर्थमिती, रेणवीय जीवशास्त्र, करारकायदा, साहित्यसमीक्षा यांच्या खुणा हे विषय जिथे शिकवले जातात तिथेच घडतील.

संशोधनाची पायरी

पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या पातळीवर गरज आणखी बदलते. पदवीला पुस्तक आणि टिपणं घेऊन निभावून नेता येतं. संशोधन मात्र बोलण्यातून घडतं. मार्गदर्शकाच्या केबिनमधली अर्ध्या तासाची चर्चा, चर्चासत्रानंतर चहाच्या टपरीवर कुणीतरी सहज सुचवलेला ग्रंथ, परिषदेत जेवणाच्या रांगेत झालेली ओळख. यांतलं काहीच वेळापत्रकात नसतं, म्हणून तिथे दुभाषीही नसतो. कर्णबधिर संशोधक औपचारिक भागाला हजर असतो आणि ज्या भागात विषय पुढे सरकतो त्याला मुकतो. मौखिक परीक्षेत तर त्याचा प्रबंध आणि परीक्षक यांच्यामध्ये एक तिसरा माणूस उभा असतो. त्या माणसाला विषय येत नसेल तर परीक्षकाला उमेदवाराचं उत्तर कच्चं वाटतं. कच्चा असतो तो अनुवाद.

म्हणून संशोधकाला दर वेळी नवा दुभाषी देऊन भागत नाही. त्याच्याबरोबर सलग काही वर्षं काम करणारा, त्याचा विषय शिकत जाणारा दुभाषी लागतो. मार्गदर्शकानेही किमान संवादापुरती सांकेतिक भाषा शिकायला हवी. परदेशी विद्यापीठात जाणारा आपला विद्यार्थी तिथली भाषा शिकतो. विद्यार्थ्यासाठी शिक्षकाने भाषा शिकणं त्याहून अवघड का असावं?

हे झालं की काय घडू शकतं ते आपण पाहिलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्यामार्फत सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावणीत सहभागी झाल्या. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी दुभाष्याला पडद्यावर येऊ द्यायला सांगितलं आणि देशाने न्यायालयाची भाषा हातांनी बोललेली पाहिली. पण शिकवून थांबता येत नाही, कारभारातही स्थान द्यावं लागतं. गॅलोडेट विद्यापीठाला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १८६४ साली पदव्या देण्याचा अधिकार दिला. पण तिथे कर्णबधिर अध्यक्ष यायला १९८८ साल उजाडलं, तेही विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडल्यावर. शिकायला बोलावणं आणि कारभारात स्थान देणं यांत तिथे १२४ वर्षं गेली. आपल्याला इतकी वर्षं घालवायची गरज नाही.

आक्षेप आणि उत्तरं

या विषयावर बोललो की तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला असा की आता तंत्रज्ञान आलंय, सांकेतिक भाषेची गरज काय? कॉक्लिअर इम्प्लांट, व्हिडिओखाली आपोआप उमटणारा मजकूर, फोनवर बोलणं लिहून देणारी ॲप्स. हे सगळं घ्यावं. पण इम्प्लांट असलेल्या मुलालाही गजबजलेल्या वर्गात सगळं ऐकू येत नाही, आणि मराठी व्याख्यानाचं आपोआप झालेलं लेखन नेमकं संज्ञेवर येऊन अडखळतं. शिवाय ज्याला लिखित मराठी ही दुसरी भाषा आहे, त्याला झरझर सरकणाऱ्या ओळी वाचणं हे वेगळंच ओझं आहे. साधनं अनेक असावीत आणि त्यांतून निवड विद्यार्थ्याने करावी.

दुसरा आक्षेप वेगळेपणाचा. सांकेतिक भाषेचा आग्रह धरला तर ही मुलं समाजापासून तुटतील, असं म्हणतात. मी उलट पाहिलं आहे. तीनशे ऐकणाऱ्यांत एकट्या बसवलेल्या मुलाचा डबा एकट्याचा असतो. त्याला स्वतःच्या भाषेत बोलायला चार सोबती मिळाले, की तो बाकीच्यांकडे मोकळेपणाने जातो. तिरुवनंतपुरमच्या वाचा-श्रवण संस्थेत कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी संगणकशास्त्र आणि चित्रकलेच्या पदव्या आहेत. लखनौच्या शकुंतला मिश्रा विद्यापीठातही अशी सोय आहे. आपल्या राज्यात पदवीसाठी काही कॉलेजांत या मुलांना गटाने प्रवेश द्यावा आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी सर्व विभाग दुभाष्यासह खुले ठेवावेत, असं मला वाटतं.

तिसरा आक्षेप खर्चाचा. विद्यार्थी किती, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं तेव्हा पहिल्या वर्षी मोजक्याच मुली होत्या. त्यांनी आकड्यांची वाट पाहिली असती तर पुढच्या लाखो मुली आल्याच नसत्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही मागणी सिद्ध व्हायची वाट न बघता आधी वसतिगृहं उघडली. सोय नसते तिथे विद्यार्थी येत नाहीत आणि मग विद्यार्थी नाहीत म्हणून सोय होत नाही. हे चक्र संस्थेनेच तोडावं लागतं, कारण ते तोडण्याची ताकद एकट्या विद्यार्थ्याकडे नसते.

काय करता येईल

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्या पुढाकाराला साजेशा चार गोष्टी मी या व्यासपीठावरून मागतो.

एक, दर विद्यापीठाने स्वतःचा दुभाषी विभाग उघडावा आणि दुभाष्यांचा पगार विद्यापीठाच्या नियमित अंदाजपत्रकातून व्हावा. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथून सुरुवात करता येईल. कुठल्याही कॉलेजने मागितलं की या विभागातून दुभाषी मिळावा, म्हणजे खर्चाचा भार एकट्या कॉलेजवर पडणार नाही. दोन, भाषाशास्त्र विभागांनी भारतीय सांकेतिक भाषेचे पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करावेत आणि तिथे कर्णबधिर शिक्षक नेमावेत. यातून दुभाषीही तयार होतील आणि भाषेवरचं संशोधनही होईल. तीन, भाषा संचालनालयाने परिभाषेच्या कामात सांकेतिक भाषेला स्थान द्यावं. दर विषयासाठी तज्ज्ञ, दुभाषी आणि कर्णबधिर विद्यार्थी यांची समिती असावी आणि तिने केलेल्या खुणा व्हिडिओ रूपात सर्वांना विनामूल्य मिळाव्यात. चार, उत्तरपत्रिका तपासताना कर्णबधिर विद्यार्थ्याच्या आशयाला गुण द्यावेत, आणि जिथे शक्य असेल तिथे सांकेतिक भाषेत चित्रित केलेलं उत्तर ग्राह्य धरावं.

शिक्षक मित्रांना याशिवाय एक विनंती. शासन निर्णयाची वाट न बघता येत्या सत्रापासून करता येईल असं बरंच काही आहे. विद्यार्थ्यांकडे पाठ न करता बोलणं, टिपणं आधी देणं, दाखवणं आणि बोलणं यांत अंतर ठेवणं, आणि पंधरा-वीस खुणा शिकून विद्यार्थ्याचं त्याच्या भाषेत स्वागत करणं.

बाईंच्या पिढीने या मुलांना शाळेत आणलं. तेव्हाही त्यांना "हे जमणार आहे का?" असं विचारणारे होतेच. मुलं शिकली आणि उत्तर मिळालं. आता ती मुलं विद्यापीठाच्या दाराशी उभी आहेत. त्यांना विषय कळतील का, ही शंका आपण सोडून द्यायला हवी. आपण ते त्यांच्यापर्यंत कसे पोचवणार, हे ठरवणं आपल्या हातात आहे आणि ते याच वर्षी ठरवावं, एवढंच माझं मागणं आहे.